शेवटचं कडवं कोणाचं, इंदू?

इंदू,

काल इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला होता. पाडव्याच्या स्मरणिकेत एक पान तुझ्यासाठी ठेवलंय. वर तुझा फोटो, मध्ये मी लिहीन ते, आणि खाली तुझ्या बाबांचं गाणं. "काकू, बाकी सगळं रेडी आहे," तो म्हणाला, "फक्त गाण्याखाली कवीचं नाव काय टाकू ते कन्फर्म करा ना. शुक्रवारी प्रिंटरकडे द्यायचंय." मुलगा बिचारा साधाच प्रश्न विचारत होता. मी म्हणणार होते, इंदूला विचारून सांगते. जीभ चावली आणि म्हटलं, एक दिवस दे.

म्हणून आज सकाळपासून टेबलाशी बसले आहे. स्मरणिकेसाठी लिहायचं ते लिहून झालं. त्यात तू मनमिळाऊ आहेस आणि तुझ्या जाण्यानं कधीही न भरून येणारी पोकळी वगैरे निर्माण झाली आहे. हे मात्र तुझ्याशी बोलतेय, कारण नावाचा प्रश्न तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाशी बोलण्यासारखा नाही.

तू गेल्यापासून लोक माझ्यापाशी तुझ्याबद्दल फार गोड बोलतायत. "किती शांत होत्या हो," असं एकजण म्हणाली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. या वयात नवी मैत्री होत नाही म्हणतात, फार तर नवं भांडण होतं. आपलं दोन्ही झालं.

नव्वद सालची दिवाळी होती. मधुकर गेले त्याला दोन वर्षं होत आली होती, आमचा निखिल कॉलेजला, आणि घर खायला उठायचं म्हणून मी मंडळाच्या कार्यक्रमांना जायला लागले होते. हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये निवेदक म्हणाले, "आता ऐकू या एक पारंपरिक लोकगीत," आणि एका मुलीनं 'घे गं पाटी हाती माये' म्हटलं. छान म्हटलं तिनं. टाळ्या संपायच्या आत मागच्या रांगेतून एक बाई उभी राहिली. अंगातला कोटसुद्धा काढलेला नव्हता.

"हे पारंपरिक नाही," तू म्हणालीस. "हे माझ्या बाबांचं गाणं आहे. त्यांचं नाव नारायण. नागपूरकडे त्यांचा जलसा होता. या गाण्याला तिसरं कडवं आहे, आणि त्यात कवीचं नाव येतं. ते तुम्ही गाळलंत, म्हणून गाणं पारंपरिक झालं."

आंबेडकरी जलसा म्हणजे रात्र रात्र गाण्यांतून आणि सोंगांतून गावोगाव चळवळ पोचवणारी मंडळी, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. त्या गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात 'अमुक म्हणे' असं कवीचं नाव गुंफलेलं असतं, हेही ठाऊक होतं. पण वेळ कमी पडला की शेवटचंच कडवं उडतं आणि त्यासोबत माणूसही उडतो, हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. निवेदक म्हणाले, "बरं, बरं, नोंद घेऊ," आणि पुढच्या आयटमकडे वळले.

मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत माझ्या पुढच्या बाई कुजबुजल्या, "यांचं प्रत्येक गोष्टीत काहीतरी असतंच." तू नेमकी मागे उभी होतीस. "यांचं म्हणजे कोणाचं?" तू अगदी हळू विचारलंस. बाईंनी वडा न घेताच रांग सोडली. मला हसूही आलं आणि कार्यक्रमाचा विचका केलास म्हणून तुझा रागही आला. कार्यक्रम संपल्यावर मी तुला पार्किंग लॉटमध्ये गाठलं.

"अहो, त्या मुलीचा काय दोष? ती कॅसेटवरून शिकली."

"कॅसेटवर पण पारंपरिकच छापलंय. सुरुवात तिथंच झाली."

"असू दे की. गाणं तर जगलं ना?"

"गाणं जगलं," तू कोटाची बटणं लावत म्हणालीस, "बाप मेला."

त्या थंडीत आपण इतका वेळ भांडत उभ्या राहिलो की गाड्यांच्या काचांवर दव गोठलं. तुला घरी सोडायला मीच आले, कारण तुझ्याकडे गाडी नव्हती. अहो-जाहो त्याच रस्त्यावर कुठंतरी संपलं.

तुझं काम मला नंतर कळलं. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत तू मराठी आणि हिंदी पुस्तकांचं कॅटलॉगिंग करायचीस. एखाद्या जुन्या, पातळ पुस्तिकेवर कर्त्याचं नाव नसलं की दुसरा कोणी ती जागा कोरी सोडून पुढे गेला असता. तू नाही जायचीस. अर्पणपत्रिका वाचायची, छापखान्याचा पत्ता बघायचा, शेवटच्या पानावरची जाहिरात तपासायची, नागपूर-पुण्याला पत्रं टाकायची. तुझी सुपरवायझर कपाळाला हात लावायची. "बिनबापाचं पुस्तक नसतं, नलू," तू म्हणायचीस. "शोधणारा आळशी असतो."

त्या कॅसेटनंच तुला करारांच्या नादी लावलं. कृतीवर कर्त्याचं नाव असलंच पाहिजे असं सांगणारा कायदा जगात कुठं आहे का, एवढंच तुला बघायचं होतं. त्या एवढ्याशा प्रश्नापायी तू देशादेशांमधल्या कॉपीराइट करारांचा सगळा इतिहास उपसून काढलास आणि ऐकायला मी सापडले. दर शनिवारी आपण बसनं भाजीला जायचो. बर्फात गाडी चालवायचा मला धीर होत नाही, आणि तुझी भाषणं ऐकताना स्टिअरिंग धरणं तर उन्हाळ्यातसुद्धा धोक्याचं होतं.

स्वित्झर्लंडमध्ये बर्नला १८८६ साली काही देश एकत्र बसले आणि त्यांनी ठरवलं की माझ्या देशात जो लेखक आहे तो तुझ्याही देशात लेखकच धरायचा, त्याचं पुस्तक वाटेवर पडलेलं समजायचं नाही. हे तू मला पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी मेथीची जुडी निवडत होते. इंग्रजांनी सही केली ती आपल्याही वतीनं. मी विचारलं, आपल्याला कोणी विचारलं का? "कोणाला विचारणार? माझ्या आज्याला?" तू म्हणालीस. "त्याला गावच्या विहिरीवर कोणी उभं करत नव्हतं, बर्नला काहून बोलावतील?" रागावलीस की तुझ्या तोंडून नागपूर निघायचं. मला ते 'काहून' फार आवडायचं. मुद्दाम तुला रागवायला लावायचे मी.

आणि या देशाची गोष्ट तर तू रंगवून सांगायचीस. बर्नच्या करारात हे अमेरिकन आलेच नाहीत. इंग्रजांच्या कादंबऱ्या बोटीतून उतरल्या की इथले प्रकाशक त्या छापून मोकळे. पुढे परदेशी लेखकाला हक्क दिला तोही अट घालून, की पुस्तक छापायचं ते इथंच. शंभर वर्षं अशी काढली, शेवटी १९८९ साली करारात शिरले, आणि शिरल्या शिरल्या बाकीच्या जगाला चोर म्हणायला लागले. "चोराच्या उलट्या बोंबा," मी म्हटलं. तू इतकी हसलीस की ड्रायव्हरनं आरशातून बघितलं.

पण तुझा जीव सगळ्या करारात नव्हता. तो एका कलमात होता. १९२८ साली रोमच्या बैठकीत ते बर्नच्या करारात घातलं गेलं. लेखकानं बाकीचे सगळे हक्क विकले तरी ही कृती माझी असं म्हणण्याचा हक्क त्याच्यापाशी राहतो, आणि त्याच्या अब्रूला धक्का लागेल अशी कृतीची मोडतोड कोणी करायची नाही. तू ते कलम अशा आवाजात सांगायचीस की कोणाला वाटावं, नात्यातल्या माणसाबद्दल बोलतेय.

मीही काही कमी नव्हते. स्टॉकहोमची गोष्ट सांगितलीस तेव्हा मी तुला बरोबर पकडलं होतं. १९६७ साली तिथं आपला देश नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांबरोबर उभा राहिला. शिकवण्यासाठी पुस्तकं छापू द्या, आमच्या भाषांत भाषांतरं करू द्या, एवढं मागणं होतं. श्रीमंत देशांतले प्रकाशक खवळले. तू अर्थात आपल्या बाजूची. कॉलेजात असताना तूसुद्धा दुसऱ्याची महागडी पुस्तकं हातानं उतरवून काढून अभ्यास केलेला. मी म्हटलं, "म्हणजे दुसऱ्याचं पुस्तक फुकट, आणि तुझ्या बाबांच्या गाण्याला कायदा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं."

आपला स्टॉप जवळ आल्यावर म्हणालीस, "गाणं घ्या. छापा, वाटा, विका, मला एक पैसा देऊ नका. नाव तेवढं काढू नका. ज्याच्याकडे दुसरं काहीच नव्हतं, त्याच्याकडे नाव होतं."

मी ऐकते थोडीच. माझी मावशी जात्यावर ओव्या म्हणायची, तिच्या ओव्यांना कुठं नाव होतं? सगळ्या गावच्या बायका त्या म्हणायच्या आणि कोणाचं काही अडलं नाही. यावर तू जे म्हणालीस ते मला अजून टोचतं. "तुझ्या मावशीनं नाव घातलंच नव्हतं, नलू. माझ्या बापानं घातलेलं पुसलं. यात फरक आहे."

हे भांडण आपण इतक्या वेळा केलं की मला दोन्ही बाजू पाठ झाल्या. तू एक वाक्य बोललीस की पुढचं मला आधीच ऐकू यायचं. निखिल सुट्टीत घरी आला की म्हणायचा, "आई, इट्स लाइक अ री-रन." पुढे तो रेडमंडला सॉफ्टवेअर कंपनीत लागला, तेव्हा तू त्यालाही सोडलं नाहीस. "तुमच्या प्रोग्रॅमची कॉपी केली की गुन्हा. मग तुझ्या गाडीत त्या नाटकांच्या कॉपी केलेल्या कॅसेटी कशा?" तो हसत म्हणाला, "मावशी, दॅट्स कल्चर, यार." तू म्हणालीस, "बघ, यांच्यात शिकून वाया गेला."

एक गोष्ट मात्र भांडण न करता दिलीस. मी मधुकरांचा उल्लेख 'हे' असा करायचे. ह्यांना पोहे आवडायचे, हे गेले तेव्हा थंडी होती. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, आणि ते गेल्यावर तर तोंडच वळेना. एकदा बसमध्ये तू म्हणालीस, "नाव घे की त्यांचं." मी म्हटलं, सवय नाही. "किती दिवस 'हे' म्हणणार? निखिलसाठी ते बाबा, तो बापाचं नाव घेणार नाही. इथं दुसरं कोणी त्यांना ओळखत नाही. तू नाही घेतलंस तर या गावात ते नाव उच्चारणारं कोण उरलं?" मी 'मधुकर' म्हणाले आणि सगळ्या लोकांसमोर रडले. तू माझी भाजीची पिशवी तुझ्या मांडीवर घेतलीस. त्यानंतर मी रोज त्यांचं नाव घेते. घर त्यामुळे थोडं कमी रिकामं झालं. याबद्दल मी तुला कधी थँक्यू म्हटलं नाही, आपल्यात तसं म्हणायची पद्धत नव्हती, आणि आता म्हणतेय ते कुठं पोचणार आहे.

चौऱ्याण्णव साली तू माझ्या किचनमध्ये आलीस ती मोठ्या व्यापारी कराराच्या मजकुराची झेरॉक्स घेऊन. जगातल्या बहुतेक देशांनी मान्य केलेला करार. तू कोटही न काढता टेबलाशी बसलीस. "बर्नची कलमं घेतलीत. सगळी घेतलीत, नलू. नावाचं कलम सोडून. चुकून राहिलं असतं तर मी समजले असते. तेवढं नको असं लिहून वगळलंय."

मी पोळ्या लाटत होते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हटलं, "व्यापारी लोकांना नावाचं काय करायचंय? त्याला वजन नाही की माप नाही."

तू चहा न घेता गेलीस. पुढचे काही शनिवार बसमध्ये दिसली नाहीस. मी एकटीनं भेंडी घेतली, एकटीनं परत आले, आणि मनातल्या मनात दोन्ही बाजू भांडून बघितल्या. मजा आली नाही. मग एका शनिवारी तू आपली नेहमीच्या सीटवर बसलेली, जसं काही झालंच नाही. "मिरच्या संपल्यात," एवढंच म्हणालीस.

गेल्या हिवाळ्यात तू हॉस्पिटलमध्ये होतीस तेव्हा तुझ्या लायब्ररीतल्या मैत्रिणीनं बातमी आणली. डिसेंबरात जिनिव्हाला नवे करार झाले आणि त्यातल्या एकात गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला आपलं नाव सांगितलं जाण्याचा हक्क मिळाला. लिहिणाऱ्याचं नाव व्यापारात गळलं होतं, इथं गाणाऱ्याचं आलं. तुला सलाइन लावलेलं होतं, तरी तू उशीवरून उठून बसलीस. "वाच पुन्हा," म्हणालीस. मी पुन्हा वाचलं. त्या दिवशी तू वाटीभर वरणभात खाल्लास.

नंतर जानेवारीतली ती दुपार. बाहेर बर्फ पडत होतं, तू बऱ्यापैकी जागी होतीस. मी सहज म्हटलं, "इतकी वर्षं ऐकतेय त्या तिसऱ्या कडव्याबद्दल. म्हण की एकदा."

तू "येत नाही," म्हणालीस.

मला वाटलं दम लागतोय. म्हटलं, नुसतं बोल, गाऊ नको.

"मला ते येतच नाही, नलू. मी कधी ऐकलंच नाही. जलसा पहाटेपर्यंत चालायचा आणि हे गाणं सगळ्यांच्या शेवटी असायचं. पहिलं कडवं ऐकायची, दुसरं ऐकायची, आणि आईच्या मांडीवर झोपून जायची. दादाही झोपायचा. शेवटी कवीचं नाव येतं एवढं आई सांगायची. नंतर बाबा गेले, आई गेली, दादा गेला. जलशातलं कोणी उरलं नाही. कॅसेट आली तेव्हा धावत आणली, म्हटलं आता ऐकू. त्यात ते नव्हतं."

"आणि या जोरावर माझ्याशी एवढी वर्षं भांडलीस?"

"म्हणून तर भांडले," तू म्हणालीस.

मी तुझा हात धरून बसले. तुला तेव्हा काहीतरी सांगायला हवं होतं. तुझं बरोबर होतं असं म्हणायला हवं होतं, मला पटलेलं नसलं तरी. पण खोटं बोललेलं तुला लगेच कळायचं. फेब्रुवारीत तू गेलीस. क्रिमेटोरियममध्ये तुझ्या लायब्ररीतली माणसं होती, मी होते, आणि नागपूरचा दिलीप, जो इथं शिकत असताना तुझ्याकडे जेवायला यायचा. तुझं सगळं नाव तिथं नीट उच्चारता येणारे आम्ही दोघंच होतो.

दिलीप आता शॉमबर्गला राहतो. तुझ्या पुण्यानुमोदनाला तो मला गाडीनं घेऊन गेला. त्याच्या घराच्या बेसमेंटमध्ये शिकागोकडची सगळी बौद्ध मंडळी जमली होती, बायका पांढऱ्या साड्यांत. तुझा फोटो, मेणबत्त्या, त्रिसरण, पंचशील. मग दिलीप म्हणाला, "काकू, ताईंचं गाणं तुम्ही म्हणा." माझा गळा काय लायकीचा आहे ते तुला माहीत आहे. तरी म्हटलं.

घे गं पाटी हाती माये, घे गं पाटी हाती,
उजेडाच्या अक्षरांनी उजळू दे राती.

दुसरं कडवं झालं आणि मी थांबले. पुढे येत नव्हतं, कोणालाच येत नव्हतं. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. दिलीपची आई सुनेच्या बाळंतपणासाठी आलेली आहे, भंडाऱ्याकडची, पंच्याहत्तरीच्या पुढची. मांडीवर नातू. त्याला थोपटता थोपटता तिनं पुढचं कडवं उचललं. आपण काही विशेष करतोय असं तिला वाटतही नव्हतं.

निजू नका गं पोरींनो, झाली पहाट,
धोंडू म्हणे, अक्षरांनी सापडेल वाट.

इंदू, तुझा बाप झोपलेल्या पोरींना उठवत होता. आणि तू त्याच कडव्याला झोपलेली असायचीस. मला हुंदका आवरेना. लोकांना वाटलं तुझ्या आठवणीनं रडतेय, आणि ते खरंच होतं. पण माझ्या मनात दुसरं नाव घुमायला लागलं होतं.

मी आजींजवळ जाऊन बसले. विचारलं, "आजी, धोंडू कोण?"

"मले काय माईत बाई. आमच्या इकडं असंच म्हनत."

"नारायण नाही? नारायण म्हणे, असं नव्हतं?"

"नारायण गाये ना. मी ऐकलं हाये त्याले, माहं लगीन नोतं झालं तवा. गळा म्हंजे काय सांगू तुले. पन नाव तो धोंडूचंच घे."

दिलीप शेजारी उभा होता. म्हणाला, "काकू, कधीकधी शिष्य आपल्या गुरूचं नाव घालायचे शेवटी. तसं असेल. किंवा मग," आणि पुढचं तो बोलला नाही. बोलायची गरज नव्हती. किंवा मग गाणं धोंडूचंच होतं, आणि तुझे बाबा ते गायचे, आणि मांडीवर पेंगणाऱ्या पोरीला वाटलं, बाबा गातात म्हणजे बाबांचंच. कोणत्याही पोरीला तेच वाटलं असतं.

परतीच्या सगळ्या रस्त्यावर मी मनात ताल धरत होते. 'नारायण म्हणे' त्या चालीत बसत नाही, लांबतं. पण 'नारू म्हणे' चपखल बसतं. धोंडूच्या जागी नारू. ते कडवं तिथल्या गर्दीत किती जणांनी लक्ष देऊन ऐकलं? आजी उन्हाळ्यात परत जाणार. स्मरणिकेत 'नारू म्हणे' छापलं तर साता समुद्रांपलीकडे इथं कोणाला कळणार नाही, आणि तू आयुष्यभर मागितलेलं तुला मिळेल. काल फोन ठेवल्यावर माझ्या ओठांवर तेच आलं.

आणि दुसऱ्या बाजूनं बघितलं तर मी जिंकले, इंदू. मी म्हणत होते तेच झालं. नावं गळतात, बदलतात, एकाचं दुसऱ्याला चिकटतं, गाणं तेवढं राहतं. एवढा भक्कम पुरावा मला इतक्या वर्षांत कधी मिळाला नव्हता. पण हरणारं माणूसच समोर नाही. असलं जिंकणं घेऊन मी काय करू? भाजी घेऊन येते, पिशवी ओट्यावर ठेवते, आणि मी जिंकले हे सांगायला कोणी नसतं. मला नको होतं हे जिंकणं. तुझ्या बाबांचं नाव निघावं असं मलाच वाटत होतं, हे मला त्या बेसमेंटमध्ये कळलं.

आत्ता लिहिता लिहिता उठून सेक्रेटरीला फोन केला. 'नारू' म्हणायला तोंड उघडलं आणि तुझ्या कलमाचा दुसरा अर्धा भाग आठवला. मोडतोड करायची नाही. तू तो भाग कधी जोरात सांगायची नाहीस, तुझा सगळा भर पहिल्यावर. पण तुझ्यासाठी का होईना, मी धोंडूचं नाव पुसलं असतं तर कॅसेटवाल्यात आणि माझ्यात काय फरक राहिला असता? तो धोंडू कोण होता, जिवंतपणी त्याला विहिरीवर उभं करत होते का, त्याला पोरी होत्या का, देव जाणे. त्याच्याकडेही दुसरं काही नसेल.

मी म्हटलं, "लिहून घे. तिन्ही कडवी छाप. खाली लिही, हे आंबेडकरी जलशातलं गाणं. गायक नारायण. शेवटच्या कडव्यातलं नाव धोंडू. धोंडू यांच्याविषयी आम्हाला माहिती नाही, कोणाला असल्यास कृपया कळवावे."

त्यानं सगळं उतरवून घेतलं. मग म्हणाला, "काकू, एवढं पानात बसणार नाही हो. सिंपल, पारंपरिक लिहू का?"

मी त्याला काय बोलले ते तू ऐकायला हवं होतंस. शेवटी माझ्या मजकुराच्या निम्म्या ओळी काप म्हटलं, पण गाण्याखालचं एक अक्षर कमी करायचं नाही. तो हो म्हणाला. तसं छापलं जाईल.

केलं ते बरोबर की चूक, कळत नाही. तुझ्या बाबांचं नाव आलं, पण तुला हवं होतं त्या जागी नाही. मागच्या शनिवारी मी बसमध्ये नेहमीच्या सीटवर बसले आणि धोंडूबद्दल तुला मनातल्या मनात सगळं सांगितलं, जशी रोज काही ना काही सांगते. तू गेल्यापासून मी तुझीही बाजू बोलते, ती मला पाठ आहे, त्यामुळे आपलं भांडण तसं कधी थांबलं नव्हतं. सांगून झाल्यावर मी वाट बघितली. तू रडशील, की चिडून 'आजीला काय माहीत' म्हणशील, की दुसऱ्याच दिवशी धोंडूचा शोध घ्यायला पत्रं टाकायला बसशील, मला काहीच सुचेना. स्टॉप आला, गेला. मी बसूनच राहिले. तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत नव्हतं, आणि तू गेलीस हे मला तिथं, त्या बसमध्ये कळलं.

नलू